जपानी भाषेची एन३ परीक्षा झाली, जपानमधल्या नागोयाची ऑफर आहे. आता त्यावरच्या एन२ च्या मागे लागू की ऑफिसातलं बोलणं शिकू?

चाकणकर:
नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत डिझाइनला आहे. जुलैत एन३ निघाली. नागोयाजवळच्या एका सप्लायर कंपनीची ऑफर आलीय, एप्रिलमध्ये रुजू व्हायचंय. सेन्सेई (क्लासचे शिक्षक) म्हणतात डिसेंबरला एन२ देच. तिकडे असलेला मित्र म्हणतो परीक्षा सोड, केइगो (आदराची, नम्र जपानी) शिक. वाचन बरं आहे, पण फोनवर कोणी भरभर बोललं की माझी ततपप होते. आणि ते व्हिजिटिंग कार्ड, वाकणं वगैरे कितपत मनावर घ्यायचं?

सांगलीची_हळद:
अरेतुरे करते, चालेल ना? एन२ कागदासाठी दे. हायली स्किल्ड व्हिसाच्या हिशेबात एन२ चे १० गुण, एन१ चे १५. एकूण ७० भरले की तीन वर्षांत पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज करता येतो. पास व्हायला १८० पैकी ९० पुरतात, फक्त प्रत्येक विभागात किमान १९ हवेत. पण या परीक्षेत तोंड उघडावंच लागत नाही, सगळे गोळे रंगवायचे. म्हणून तर एन१ वालेसुद्धा ऑफिसातला फोन वाजला की पाणी प्यायला उठतात.

आणि फोन बऱ्याच ठिकाणी नव्या माणसानेच उचलायचा असतो. तिथे आपली मराठी सवय आडवी येते. आपले साहेब कोणासमोरही 'अहो'च. बाहेरच्यालाही सांगणार, 'साहेब जागेवर नाहीत.' इथे जपानात साहेब एरवी तानाका-सान, पण दुसऱ्या कंपनीचा फोन आला की 'तानाका वा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु', म्हणजे 'तानाका जागेवर नाही'. आदराचा 'सान' गायब, क्रियापदही नम्र. अख्खं ऑफिस ऐकत असताना साहेबांचं नुसतं आडनाव घ्यायला सुरुवातीला जीभ वळत नाही. तुझ्या मित्राला रविवारी क्लायंट बनव, फोन लाव आणि हेच घोळव.

कार्डाचं टेन्शन नको. दोन्ही हातांनी घे, वाच, मीटिंग संपेपर्यंत टेबलावर ठेव. मागच्या खिशात कोंबू नकोस. समोर चार-पाच जण असले तर ते बसलेत त्याच क्रमाने कार्डं मांडायची. यात शिष्टाचार कमी, आपली सोय जास्त. १५, ३०, ४५ अंशांत वाकायला शिकवणारे व्हिडिओ मात्र आजच बंद कर.

खरं मनावर घ्यायचं ते होरेनसो: होउकोकु, रेनराकु, सोउदान. म्हणजे काम कुठवर आलं ते सांग, काही बदललं तर कळव, अडलं तर विचार. आपल्याकडे काम पुरं करून एकदम दाखवणारा हुशार ठरतो. इथे मधे काहीच न सांगणाऱ्याची धास्ती वाटते. ड्रॉइंगमधला टॉलरन्स बदलायचा आहे? आधी विचार, मग हात लाव. शुक्रवारी संध्याकाळी घोळ सापडला तर शुक्रवारीच सांग, सोमवारवर ढकलू नकोस.

सदाशिवपेठी:
ताईंच्या उत्तरात थोडी भर. ऑफिसातून निघताना साहेबांना 'गोकुरोसामा' (कष्ट घेतलेत) म्हणू नका, ते वरच्याने खालच्याला म्हणायचं. त्याच अर्थाचं 'ओत्सुकारेसामा देसु' सगळ्यांना चालतं. टॅक्सीत ड्रायव्हरच्या मागची जागा मोठ्यांची, तुम्ही पुढे. बाकी व्याकरण आपल्या वळणाचंच: क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे. 'काना' या जपानी अक्षरमालेचा आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रमसुद्धा बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम या भारतीय लिपीच्या अभ्यासातून आलाय. इंग्रजीतून जपानी शिकणं म्हणजे उगाच लांबचा वळसा, हे आमचं (पुणेरी) मत.

चाकणकर:
मनापासून आभार. मित्राला आत्ताच मेसेज टाकला. एक राहिलंच: मी दारू घेत नाही आणि शाकाहारी आहे. नोमिकाईचं (ऑफिसच्या दारू-पार्टीचं) काय करू?

सांगलीची_हळद:
जा. ऊलोंग चहा माग, भुवया उंचावत नाहीत. फक्त 'कानपाई' (चिअर्स) होईपर्यंत ग्लास तोंडाला लावू नकोस आणि शेजाऱ्याच्या रिकाम्या ग्लासकडे लक्ष ठेव. जेवणाचं मात्र पार्टी ठरवणाऱ्याला आधीच सांग. 'निकु नाशि' (मांस नको) एवढंच म्हणून भागत नाही, कारण मासा मांसात धरत नाहीत. दाशीत (रश्श्याच्या मूळ पाण्यात) मासा, म्हणून सोबा नूडल्सच्या रश्श्यातही मासा, आणि थंड तोफू निरागस दिसतो तर त्यावर कात्सुओबुशी (सुक्या माशाचा कीस) भुरभुरलेली. एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा) बिनधास्त खा. बाकी घरून थोडं खाऊनच निघ.