नवी नोकरी आणि आधीच ठरलेली सहल: मी एकटीने गेले तर काय चुकलं?

सावरी

नवऱ्याला नवीन नोकरी लागली. आनंदच आहे. पण सहल कधीचीच ठरलेली, आणि ती नेमकी त्याच्या रुजू होण्यानंतर तिसऱ्या आठवड्यात येतेय. विमानाची तिकिटं परतावा न मिळणारी. बहीण आणि तिची मुलं येणार म्हणून राहण्याचं बुकिंगही एकत्रच केलेलं.

नवऱ्याने परस्पर ठरवून टाकलं, "सहल कॅन्सल." आणि मला कळलं कधी, तर तो सही करून आल्यावर. मग मी ऑफर लेटर मागून घेतलं आणि वाचलं. दुसऱ्या पानावर सरळ छापलंय की रुजू होण्याची तारीख दोन्ही बाजूंच्या संमतीने बदलता येईल. याने विचारलंसुद्धा नाही! का, तर "सुरुवातीलाच इम्प्रेशन खराब होईल."

सध्या घरात कामापुरतं बोलणं चालू आहे. मी म्हटलं, तुला जमत नसेल तर मी बहिणीबरोबर जाते. त्यावर म्हणतो, "मी नव्या जागी धडपडायचं आणि तू फिरायचं?" मला तर जावंसंच वाटतंय. मतं स्पष्ट लिहा, मला राग येणार नाही.

उंबरठा

स्पष्टच लिहितो मग. सहली पुन्हा ठरवता येतात, चांगली नोकरी पुन्हा पुन्हा दारात येत नाही. प्रोबेशन म्हणजे पाहुण्यासारखं राहायचे दिवस. बऱ्याच ठिकाणी या काळात अगदी कमी नोटिशीवर घरी पाठवतात, कारणही फारसं द्यावं लागत नाही. अशात तिसऱ्याच आठवड्यात रजेचा अर्ज? मी तुमच्या नवऱ्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. आणि तुम्ही त्याचं ऑफर लेटर तपासायला बसलात हे मला खटकलं.

कोरा_कागद

@उंबरठा, बायकोने ऑफर लेटर वाचलं हे खटकलं, आणि दोघांनी मिळून ठरवलेली गोष्ट एकाने मोडली हे नाही खटकलं? भारी आहे.

नोकरी घेतली याबद्दल सावरीची तक्रारच नाहीये. निर्णय झाल्यावर तिला फक्त कळवलं, ही तक्रार आहे. घरातल्या माणसाला नोटीस देत नाहीत, विचारतात.

आडवाट

मी लोकांना कामावर घेतो, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगतो. "माझी सहल आधीच बुक आहे" हे मला दर थोड्या दिवसांनी कोणीतरी सांगतं. ऑफर हातात आल्यावर आणि सही करण्याआधी सांगितलं, तर त्यात वाईट वाटण्यासारखं काहीच नसतं. त्या वेळी आम्हालाही माणूस हवा असतो. तारीख पुढे ढकलतो, नाहीतर बिनपगारी रजा लिहून देतो. एचआरच्या एका ईमेलने काम होतं.

अडचण होते ती रुजू झाल्यावर सांगणाऱ्यांची. तोपर्यंत ट्रेनिंगची बॅच ठरलेली असते, शिकवणाऱ्याचा वेळ बांधलेला असतो, सिस्टीमची परवानग्या-पासवर्डची कामं चालू असतात. तिसऱ्या आठवड्यात माणूस गायब झाला की ते सगळं परत करावं लागतं. शिवाय रजा महिन्या-महिन्याने जमा होते, नव्या माणसाच्या खात्यात तेव्हा जेमतेम एखादा दिवस पडलेला असतो.

सही झालीय, पण तो अजून रुजू झालेला नाही ना? मग वेळ पूर्ण गेलेली नाही.

तळटीप

हक्काबद्दल थोडं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पगारी रजेबद्दलचा १९७० चा करार (क्रमांक १३२) आहे. वर्षभराच्या नोकरीला किमान ३ आठवडे रजा द्यावी, असं तो म्हणतो. पण रजेचा हक्क सुरू होण्याआधी ठरावीक काळ नोकरी झालेली असावी, अशी अट घालायला त्यात मुभा आहे, फक्त ती ६ महिन्यांपेक्षा जास्त नको. युरोपीय संघात वर्षाला किमान ४ आठवडे. तिथल्या न्यायालयाने २००१ मध्ये ब्रिटनची "आधी सलग १३ आठवडे काम करा, मग रजा" ही अटच चुकीची ठरवली. उलट टोकाला अमेरिका: खासगी नोकरीत पगारी रजा द्यायलाच हवी, असा केंद्रीय कायदाच नाही.

सांगायचं एवढंच की नव्या माणसाची रजा हा जगभर वादाचा मुद्दा आहे. तुमचा नवरा काही जगावेगळं मागणार नव्हता.

उंबरठा

@तळटीप, माहिती चांगली आहे, पण करार दाखवून साहेबाचं मन जिंकता येत नाही. हक्क असणं वेगळं आणि पहिल्याच महिन्यात तो बजावणं वेगळं. सगळ्यांच्या नजरा नव्या माणसावर असतात.

निबर

सगळे रजेवर बोलतायत, मी पैशावर बोलतो. "तिकिटाचे पैसे बुडतील" हे जाण्याचं कारण होऊ शकत नाही. ते गेलेच आहेत, गेलात तरी आणि राहिलात तरी.

१९८५ मध्ये हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी लोकांना एक प्रश्न घातला होता. तुम्ही स्कीइंगच्या दोन सहलींचे पैसे भरलेत, एक १०० डॉलरची, एक ५० ची. मजा ५० वालीत जास्त येईल असं तुम्हाला वाटतं. मग लक्षात येतं की दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि परतावा कुठलाच नाही. कुठे जाल? निम्म्याहून जास्त लोकांनी महागडी निवडली. कमी मजेची, पण महाग!

तेव्हा सावरी, तिकीट विसरा. ते फुकट मिळालं असतं तरी या परिस्थितीत गेला असतात का? हो असेल तर जा. (विम्यावर भिस्त ठेवू नका. नोकरी गेली तर काही पॉलिसी पैसे देतात, पण आपणहून बदलली तर सहसा नाही.)

झुळूक

निबर, हिशोब बरोबर, पण सहलीचा आनंद तिकिटाच्या तारखेला सुरू होत नाही. नेदरलँड्समध्ये १,५३० जणांवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे इतरांपेक्षा जास्त खूश होते ते मुख्यतः जाण्याआधी. परत आल्यावर बहुतेकांच्यात आणि न गेलेल्यांच्यात फरक उरला नव्हता, अगदी निवांत सुट्टी झाली त्यांचाच काय तो अपवाद. म्हणजे सावरीचे वाट बघण्याचे महिने एका वाक्यात पुसले गेले. "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणून ते भरून येत नाहीत.

आणि त्याला ओढून नेण्यातही अर्थ नाही. हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेला नवरा आणि निवांत सुट्टी, दोन्ही एकदम जमत नाही. तू जा.

सावरी

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट आधी लिहायची राहिली. आधीच्या कंपनीने त्याची पूर्ण टीम कमी केली होती. बरेच महिने तो घरी होता आणि घर माझ्या पगारावर चाललं. मी त्याचा उल्लेखही कधी केला नाही, मुद्दाम. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसायचा, मुलाखत असो वा नसो. त्यामुळे ही नोकरी त्याच्यासाठी काय आहे हे मला उंबरठा यांनी समजावून सांगायची गरज नाही.

पण मग सहल माझ्यासाठी काय आहे, हे त्याला कळायला नको?

उंबरठा

हे आधी लिहायला हवं होतं, ताई. यामुळे माझं मत उलट पक्कं झालं. जो माणूस एकदा बाहेर फेकला गेलाय तो पहिल्या महिन्यात कुणाकडे काहीच मागणार नाही. तो तुम्हाला टाळत नव्हता, घाबरला होता.

कोरा_कागद

घाबरला होता हे मान्य. तेच घरात बोलून दाखवायचं असतं. "मला विचारायची भीती वाटते" असं म्हणाला असता तर हिने त्याच्याबरोबर बसून ईमेल लिहिला असता. त्याऐवजी निकाल ऐकवला. आणि वर "तू फिरायचं?" हा टोमणा! इतके महिने घर ओढलेल्या बाईला! माझी सहानुभूती तिथे संपते.

झुळूक

टोमण्याबद्दल +१.

आडवाट

कोण चुकलं ते तुम्ही लोक बघा. मी ईमेलचं सांगतो. लहान ठेवायचा. माफी मागायची नाही, बहिणीची-मुलांची कहाणी सांगायची नाही. "या तारखांना माझा प्रवास आधीपासून ठरलेला आहे. रुजू होण्याची तारीख त्यानंतरची ठेवता येईल का? ते शक्य नसल्यास ठरलेल्या तारखेला रुजू होतो." बस. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्याने समोरच्याला नाही म्हणणं सोपं जातं आणि ऑफरला धक्का लागत नाही. पाठवायचा एचआरला, साहेबाला सीसी. फोनवर हो म्हणाले तरी लेखी घ्या.

सावरी

@आडवाट, हे मी काल रात्री त्याला वाचायला दिलं. आधी काहीच बोलला नाही, मग म्हणाला, पूर्ण नको, सहलीचे शेवटचे तीन-चार दिवस तरी मागून बघतो, मधूनच येऊन मिळेन. मी म्हटलं, माग. माझं तिकीट मात्र मी ठेवतेय, उत्तर काहीही येवो. हे त्याला सांगितलं आहे आणि या वेळी टोमणा आला नाही.

उंबरठा

शेवटचे दिवस कशाला? म्हणजे रुजूही व्हायचं आणि तिसऱ्या आठवड्यात रजाही घ्यायची, दोन्हीकडून वाईट. मागायचंच तर तारीखच पुढे मागा, नाहीतर मागूच नका.

आडवाट

उंबरठा यांच्याशी पहिल्यांदाच सहमत. अर्धवट रजा मंजूर करणं आम्हाला जास्त त्रासाचं असतं. सावरी, त्याला सांगा, आणि ईमेल उद्या सकाळीच जाऊ द्या. रुजू होण्याचा दिवस जवळ आला की एचआर ऐकत नाही.