इंग्रजी गाण्यांतून इंग्रजी शिकलात का? अनुभव सांगा

गाणी ऐकता ऐकता कुणाचं इंग्रजी खरंच सुधारलंय का? लिहा, फजितीचे किस्से पण चालतील. सुरुवात मी करते. इफवाल्या वाक्यांचे नियम मला पाठ होते पण बोलताना वेळेवर कधी सुचायचे नाहीत, मग बियॉन्सेचं २००८चं 'इफ आय वेअर अ बॉय' डोक्यात बसलं आणि आयच्या पुढे वॉज नाही तर वेअर, नंतर वुड नाहीतर कुड, हे आपसूक तोंडात यायला लागलं. आपण 'मी मुलगा असते तर' म्हणतो तेच की हे, न घडलेल्या गोष्टीबद्दलचं. मग नियम काढून परत वाचला तेव्हा कुठे पटला.

*

मला यू टूचं १९८७चं 'आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आयॅम लुकिंग फॉर' फार उपयोगी पडलं. गाणं सोडा, नुसतं नावच बघा. स्टिल हॅवन्टच्या आधी येतं, हे पहिलं. शोध अजून चालूच आहे म्हणून डिडन्ट फाइंड नाही, हॅवन्ट फाउंड. शेवटी फॉर लटकतोय तो तसाच ठेवायचा, काढला तर अर्थच बदलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हॉट आयॅम, व्हॉट अ‍ॅम आय नाही. आपल्यातले कितीतरी चांगले शिकलेले लोक 'आय डोन्ट नो व्हॉट इज ही डुइंग' म्हणतात, कारण प्रश्नाचा शब्द आला की वाक्य उलटं करायचं एवढंच डोक्यात बसलेलं असतं. पण वाक्याच्या पोटात आलेला प्रश्न उलटा होत नाही. शंका आली की मी मनातल्या मनात ही ओळ गुणगुणतो आणि मग बोलतो, समोरच्याला वाटतं विचार करतोय.

*

फ्रेझल व्हर्ब!! गिव्ह अप, लेट डाउन, ब्रेक अप, मूव्ह ऑन, गेट ओव्हर, सगळे प्रेमभंगाच्या गाण्यांतून आले. तोटा एवढाच की ब्रेकअपवर मी तासभर बोलू शकते पण रजेचा अर्ज लिहायला बसले की शब्द संपतात.

*

मी शिकवते, म्हणून जरा उलट बाजू. गाण्यांचा शब्दसंग्रह छोटा असतो. टिम मर्फी यांनी पॉप गाण्यांच्या शब्दांचा अभ्यास केला होता, १९९२मध्ये छापून आला, त्यात हेच दिसतं की भाषा सोपी, बोलण्यासारखी, तेच तेच शब्द परत, आय आणि यूचा भडिमार, आणि कोण कुठे कधी याचा पत्ता नाही. तर शब्द वाढवायचे असतील तर वाचाच, त्याला पर्याय नाही. मी गाणं वापरते ते बारीक शब्दांसाठी. एका गाण्यातले फक्त प्रीपोझिशन खोडून कागद देते, ऐकून भरायचे. पुढच्या वेळी फक्त अ आणि द. सगळे अवघड शब्द खोडले की मुलं कंटाळतात, आणि चुका तशाही बारीक शब्दांतच होतात ना.

*

पण मग व्याकरण चुकीचं असतं त्याचं काय? बीटल्सच्या 'टिकेट टु राइड'मध्ये शी डोन्ट केअर आहे. रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन', तेही १९६५चंच, त्यात कान्टच्या पुढे परत नो. परीक्षेत लिहिलं तर मार्क जाणार.

*

वरच्यांना: जाणारच, पण ते चुकून आलेलं नाहीये. डझन्टचे दोन ठोके होतात, डोन्टचा एक, चालीत बसायला पाहिजे ना! आणि दुहेरी नकार हा ब्लूजच्या भाषेतला आहे, कृष्णवर्णीय अमेरिकन बोलीत तो रीतसर नियमाने चालतो, तिथून रॉकवाल्यांनी उचलला. मी वहीत दोन रकाने केलेत, लिहायचं इंग्रजी आणि गायचं इंग्रजी. वॉना, गॉना, एन्ट सगळे दुसऱ्यात.

*

माझा फायदा वेगळाच झाला, कानाचा. मी प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने बोलायचो, शुड हॅव असं तोडून तोडून, आणि समोरचा भरभर बोलायला लागला की काही कळायचं नाही. गाण्याबरोबर म्हणायला लागलो तेव्हा लक्षात आलं की ठोका शुडवर पडतो आणि हॅव जवळजवळ गिळतात, शुडव्ह. आधी न बघता ऐकायचं, ऐकू येईल ते लिहायचं, मग लिरिक्स काढून ताडायचं. दोन ठिकाणी बघा मात्र, नेटवरचे लिरिक्स पण कधी कधी कुणीतरी ऐकूनच टाईप केलेले असतात 😄

*

चुकीचं ऐकू आलं म्हणून लाजायचं कारण नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना पण हेंड्रिक्सच्या 'पर्पल हेझ'मधल्या आकाशाच्या जागी माणूस ऐकू येतो, स्काय आणि धिस गाय. असल्या ऐकण्याला मॉन्डेग्रीन म्हणतात, सिल्व्हिया राइट नावाच्या लेखिकेने १९५४मध्ये हे नाव दिलं.

*

नुसतं ऐकून भागतं की म्हणायला पण लागतं? माझा आवाज म्हणजे आनंद आहे.

*

म्हणा हो, बाथरूममध्ये म्हणा. एडिंबराच्या संशोधकांचा २०१४चा अभ्यास आहे, ६० जणांना हंगेरियन वाक्यं शिकवली, काहींनी साधी म्हणायची, काहींनी तालात, काहींनी गाऊन. नंतर हंगेरियनमध्ये बोलून दाखवायच्या चाचण्यांत गाणारे पुढे होते. सूर लागायची अट नव्हती बहुतेक 😀 फक्त रॅपने सुरुवात करू नका, मी केली होती, दम लागतो. आधी संथ गाणं घ्या, एकच कडवं, ते न बघता म्हणता आलं की पुढचं.