मदत हवी आहे: स्टॅकवर २० केबी घेतले की विंडोजवर प्रोग्राम कोसळतो

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक्स८६-६४ असेंब्लीतल्या एका फंक्शनमध्ये बफरसाठी आरएसपीमधून (स्टॅकचं, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीचं, टोक दाखवणारं रजिस्टर) थेट २०४८० वजा करतो. लिनक्सवर सुरळीत चालतं. विंडोजवर बफरच्या तळाला पहिला बाईट लिहिला की अ‍ॅक्सेस व्हायोलेशन (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्याची एरर). कॉलआधी आरएसपी १६च्या पटीत आहे, ३२ बाईटची शॅडो स्पेसही (बोलावलेल्या फंक्शनसाठी स्टॅकवर राखायची जागा) सोडली आहे, दोनदा तपासलं.

माझा संशय गार्ड पेजवर, म्हणजे स्टॅकच्या वापरातल्या भागाखालच्या त्या पानावर, ज्याला स्पर्श झाला तरच विंडोज स्टॅक पुढे वाढवतं. पान ४०९६ बाईटचं, मी एका उडीत पाच पानं ओलांडतो. मग प्रत्येक पानाला स्पर्श करत उतरणारा लूप हाताने लिहू, की हेच काम करणारं कंपायलरचं तयार चेकस्टॅक रुटीन बोलवू? ते बोलावल्यावर आरएसपीतून वजाबाकी मीच करायची ना? रविवारपासून इथेच अडकलोय. कोणी म्हापसा-पणजीकडे असाल तर कोड घेऊन भेटायलाही येईन.