मदत हवी आहे: शेतात डायनासोरचं अंडं सापडलं, किंमत किती येईल?

गजानन_शेती
जेसीबीनं बांध सरळ करताना एक गोल दगड निघाला. डायनासोरचं अंडंच आहे, शंका नाही. एक जण 20,000 द्यायला तयार आहे, उद्या संध्याकाळी येतो म्हणाला. खरी किंमत किती? लवकर सांगा जी.

दगडधोंडे
फोटो? कुठलं शेत? आकार केवढा? नाशिक, पुणे, सातारा असेल तर विषय संपला. तिथला काळा दगड बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो ऊनपावसानं कुजतो तेव्हा कोपरे आधी झिजतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधे गोल गोटा उरतो. दर महिन्याला कुणीतरी त्याला अंडं म्हणतं.

गजानन_शेती
काळा नाही. राखाडी-तपकिरी आहे. फोटो चढत नाहीये. गाव सांगत नाही, लोक येऊन खणतील. मी किंमत विचारली.

सुमन_ताई
आमच्या मामांकडे गंडकी नदीतला शाळिग्राम आहे. त्यातही जीवाश्मच असतो, अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा. दादा, विकू नका, देवघरात ठेवा.

रानवाटा
ताई, शाळिग्रामाचा इथे काय संबंध? गजाननभाऊ, जिभेचं टोक लावून बघा. चिकटलं तर हाड.

गजानन_शेती
लावलं. नाही चिकटत.

विनय_ठाणे
रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, लख्ख निघेल. मी गारगोट्या अशाच साफ करतो.

भूशास्त्र_नागपूर
अजिबात नको! खरंच अंडं असेल तर कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. सकाळपर्यंत विरघळायला लागेल.

विनय_ठाणे
माझं आजवर काही विरघळलं नाही.

भूशास्त्र_नागपूर
गारगोटी सिलिकाची असते, तिला व्हिनेगर काही करत नाही. गजाननभाऊ, गाव नको, तालुका तरी सांगा.

गजानन_शेती
वरोरा. पिसदुरा लांब नाही. दगड मुठीपेक्षा मोठा, लांबट, एक टोक निमुळतं, वर आडव्या खाचा.

दगडधोंडे
मग आधी गोल काहून लिहिलं? आणि जागा पहिल्याच ओळीत सांगायची ना!

भूशास्त्र_नागपूर
पिसदुरा! भाऊ, तिथं लॅमेटाचे, म्हणजे डायनासोरच्या काळात साचलेल्या गाळाच्या खडकाचे थर उघडे आहेत, लाव्ह्याचा दगड नाही. ज्यांच्या नावानं नागपुरात कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकातच तिथं हाडं मिळाली होती. मात्र तुम्ही सांगता ते अंड्यासारखं वाटत नाही. टायटॅनोसॉरची, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरची, अंडी चेंडूसारखी गोल, साधारण 15 ते 20 सेंटिमीटरची असतात. धार जिल्ह्यात अशी 92 घरटी आणि 256 अंडी नोंदली गेली, 2023 मध्ये त्यावर शोधनिबंध आला. लांबट, निमुळतं आणि खाचांचं म्हणजे बहुधा कॉप्रोलाइट, दगड झालेली विष्ठा. पिसदुऱ्याला ती भरपूर मिळते.

गजानन_शेती
म्हणजे शेण? मग तो 20,000 काहून देतो?

रानवाटा
कारण त्यालाही अंडंच वाटतंय. द्या आणि मोकळे व्हा.

भूशास्त्र_नागपूर
असं सांगू नका हो. पिसदुऱ्याच्या याच दगडांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले, 2005 मध्ये ते प्रसिद्ध झालं. डायनासोर होते तेव्हा गवतही होतं, हे त्यातून कळलं. त्याआधी बहुतेकांना गवत बरंच नंतरचं वाटायचं. पण दगड कोणत्या थरातून निघाला हे माहीत असेल तरच असा अभ्यास होतो. व्यापाऱ्याच्या पिशवीत गेला की ती माहिती कायमची गेली.

दगडधोंडे
आणि कायदा? विकता येतं का?

रानवाटा
2022 मध्ये भूवारसा विधेयकाचा मसुदा आला होता. त्यात जीवाश्मही होते.

दगडधोंडे
मसुदा म्हणजे कायदा नव्हे. आजचं विचारतोय.

गजानन_शेती
तुम्ही भांडा, माझा माणूस उद्या येतो. शेणच असेल तर जमीन सरकार घेईल का? वडील घाबरले आहेत.

भूशास्त्र_नागपूर
एका दगडावरून शेत जात नाही, वडिलांना सांगा. त्या माणसाला आठवडाभर थांबवा. जेसीबी अजून चालू आहे का?

गजानन_शेती
उद्या सकाळी परत येतं. भाडं दिलं आहे जी.

भूशास्त्र_नागपूर
मग जिथून दगड निघाला तेवढा तुकडा सोडून दुसरीकडे चालवा. आत्ताच उजेड आहे तोवर खड्ड्याचा फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून. दगड धुऊ नका, फोडू तर मुळीच नका, वर्तमानपत्रात गुंडाळा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथं दाखवा. बांधात आणखी काही दिसलं तर हात न लावता इथे लिहा, मी रात्री बघतो.