मदत हवी आहे: विझार्ड घेऊ, सॉर्सरर की वॉरलॉक?
मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमचं नवीन कॅम्पेन (अनेक सत्रं चालणारी मोहीम) सुरू होतंय, पाचवी एडिशन, २०१४ चे रूल्स, थेट पाचव्या लेव्हलपासून. पार्टीत फायटर, रोग, क्लेरिक ठरलेत, त्यामुळे जादूवाला मीच, आणि क्लास निवडायचाय तो वरच्या तिघांतून. मन विझार्डकडे ओढतंय कारण स्पेलबुक (मंत्रांची वही), कुठे स्क्रोल सापडला की स्पेल उतरवून घ्यायचा, पण त्याला प्रत्येक स्पेल लेव्हलमागे २ तास आणि ५० गोल्ड जातात आणि आमचा डीएम (खेळ चालवणारा) सोनं फार हात राखून देतो. सॉर्सररला या लेव्हलला कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल) सोडून ६ च स्पेल येतात, हे खरंच कमी वाटतं, पण मेटामॅजिक (स्पेलमध्ये हवा तसा बदल करायची ताकद) भारीये, फायटर गराड्यात अडकलेला असताना फायरबॉल टाकला तर त्यातल्या केअरफुल स्पेलने त्याचा सेव्ह (बचावाचा रोल) पास होतो, पण तरी अर्धं डॅमेज त्याला बसतंच ना? वॉरलॉकचे स्पेल टाकायचे दोनच स्लॉट, शॉर्ट रेस्टला (मधल्या छोट्या विश्रांतीला) परत मिळतात खरे, पण आमच्याकडे शॉर्ट रेस्ट क्वचितच होते, म्हणजे तो बादच धरू का? ज्यांनी विझार्ड आणि सॉर्सरर दोन्ही बरेच दिवस खेळलेत त्यांनी प्लीज सांगा, स्पेल कमी असल्याचं पुढे अडतं का, आणि सॉर्सररच घेतला तर ते ६ कोणते निवडू?