ऑटोमॅटिक घड्याळ अचानक पुढे पळायला लागलंय, मदत हवी आहे

माझं ऑटोमॅटिक घड्याळ आहे, तासाला २८,८०० बीट्सवालं, क्रोनोमीटर सर्टिफाइड (अचूकतेची चाचणी पास झालेलं), म्हणजे दिवसाला -४ ते +६ सेकंद चालायला पाहिजे आणि इतकी वर्षं तसंच चाललं, पण गेल्या आठवड्यापासून रोज जवळपास दीड मिनिट पुढे जातंय. पडलं नाही, पाण्यातही गेलं नाही. रात्री मात्र टॅबलेटच्या कव्हरवर काढून ठेवायचो, त्यात मॅग्नेट असतं हे नंतर डोक्यात आलं (शहाणपणा उशिरा येतो).

आतापर्यंत केलेलं: क्राउन (बाजूची चावी द्यायची गुंडी) फिरवून फुल चावी दिली, डायल वर आणि क्राउन वर असं दोन्हीकडे ठेवून रात्रभर बघितलं, फरक नाही. होकायंत्र जवळ नेलं तर सुई चांगलीच हलते, म्हणून हेअरस्प्रिंग (घड्याळाचा वेग ठरवणारी आतली बारीक स्प्रिंग) मॅग्नेटाइझ झाली असावी असं वाटतंय. शेवटची सर्व्हिस ६ वर्षांपूर्वीची, वॉरंटी संपलीये. मागचं झाकण मी उघडणार नाही, आणि फुल सर्व्हिसला आत्ताच द्यायचं नाहीये कारण मागच्या वेळी न विचारता केस पॉलिश करून कडा गोल करून ठेवल्या होत्या.

तर ते छोटं निळं डिमॅग्नेटायझर (चुंबकत्व घालवणारं यंत्र) मिळतं ते घरी, झाकण न उघडता, घड्याळावर वापरलेलं चालतं का, बटण दाबून ठेवूनच घड्याळ हळूहळू लांब न्यायचं ना, की चुकलं तर अजून बिघडेल?