‘फ्लँक ओपनिंग’ला मराठीत काय म्हणावे?

आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या अंकासाठी काही डावांवर मराठीत टिपणे लिहितो आहे. एका डावात पांढऱ्याने पहिलीच चाल बी४ केली आहे, म्हणजे डावीकडच्या दुसऱ्या (बी) पट्टीतले प्यादे चौथ्या घरात नेले आहे. मधली प्यादी सोडून बाजूने होणाऱ्या अशा सुरुवातीला इंग्रजीत ‘फ्लँक ओपनिंग’ म्हणतात. ‘कडेच्या प्याद्याची सुरुवात’ असे लिहिले, पण खटकते आहे. ‘बगल’ हा शब्द चालेल का? आणि क्वचितच खेळल्या जाणाऱ्या अशा सुरुवातीला ‘विचित्र’ म्हणवत नाही. जाणकारांनी सुचवावे.

* * *

खटकले ते योग्यच. कडेचे प्यादे म्हणजे हत्तीपुढचे, ए किंवा एच पट्टीतले. बी४ला पुढे जाते ते वजिराकडच्या घोड्यापुढचे प्यादे. तसेच लिहावे, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच पट उभा राहतो.

‘कडेचे’ हा शब्द खऱ्या कडेच्या प्याद्यांसाठी राखून ठेवू. १८५८ साली पॅरिसला अमेरिकन खेळाडू मॉर्फीशी खेळताना जर्मनीच्या अँडरसनने तीन डाव ए३ने सुरू केले, तिथे तो शोभतो. किंवा १९८० साली स्वीडनमध्ये स्कारा इथे इंग्लंडच्या टोनी माइल्सने विश्वविजेत्या कार्पोव्हच्या ई४ला ए६ असे उत्तर दिले, पुढच्याच चालीत बी५ केले आणि तो डाव जिंकला, तिथे.

‘विचित्र’ मलाही नको वाटतो. त्यात चाल चुकीची असल्याचा निवाडा आधीच होऊन जातो. आपल्याकडे ‘अनवट’ हा नेमका शब्द आहे. मैफलीत क्वचित ऐकू येणाऱ्या रागाला आपण अनवट म्हणतो. त्यात कमीपणा नाही, उलट गाणाऱ्याची तयारी असावी लागते, असा भाव आहे. बी४चेही तसेच आहे. सोव्हिएत खेळाडू सोकोल्स्कीने या चालीवर वर्षानुवर्षे काम केले, १९६३ साली पुस्तक लिहिले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. इतक्या अभ्यासाच्या गोष्टीला ‘विचित्र’ म्हणणे हा अन्याय आहे.

‘सलामी’ मात्र टाळा. क्रिकेटमुळे तो शब्द तोंडात बसला आहे, पण ‘सलामीला विजय’ वाचले की स्पर्धेतला पहिला डाव जिंकला असेच कुणालाही वाटेल.

* * *

‘अनवट’ला माझे मत. ‘बगल’बद्दल मात्र थोडी शंका आहे. सैन्याची बगल हा अर्थ ठीक, पण मराठी माणसाच्या कानाला आधी ‘बगल देणे’ ऐकू येते, म्हणजे टाळणे, चुकवणे. बी४ खेळणारा मध्यभाग टाळतो का? पट मांडून पाहा. बी४ला काळ्याने ई५ केले. आता पांढऱ्याचे बी४चे प्यादे बिनजोर (कुणाचेही संरक्षण नसलेले) आहे आणि काळ्याच्या उंटाची तिरकी रेघ त्याच्यावर मोकळी झाली आहे. पांढरा प्याद्याला जोर देतच नाही, उंट बी२ला आणतो. काळ्याने उंटाने बी४ खाल्ले की पांढऱ्याचा उंट ई५ खातो. घोड्यापुढचे प्यादे गेले आणि काळ्याचे मधले प्यादे मिळाले! शिवाय उंटाची नजर थेट जी७वर. काळा घोडा एफ६ला काढून ती रेघ अडवतो, त्याची मोहरी भराभर बाहेर येतात आणि डाव रंगतो. पहिल्या चालीपासून डोळा मध्यभागावरच होता. म्हणून ‘मध्यभागाला बगल’ असे कुणी लिहू नये एवढेच म्हणणे.

* * *

मान्य. मग ‘बगलेची सुरुवात’ किंवा ‘बगलेवरून चढाई’ असे लिहिले तर? ‘देणे’ हे क्रियापद आले नाही की टाळण्याचा अर्थही येत नाही. नुसते ‘बाजू’ म्हणून भागणार नाही. पांढरी बाजू, काळी बाजू, वजिराची बाजू, राजाची बाजू… या शब्दाच्या डोक्यावर आधीच फार ओझे आहे.

दुसरे एक. उंट घोड्यापुढच्या प्याद्याच्या मूळ घरात (बी२, जी२, बी७ किंवा जी७) आणून बसवण्याला ‘फियांचेटो’ असे सर्रास लिहिले जाते. शब्द इटालियन आहे, उच्चार ‘फियांकेट्टो’. मुळात ‘फियांको’ म्हणजे बगल, त्याचेच हे लघुरूप. तेव्हा ‘उंट बगलेत आणला’ हे मराठी वाक्य मूळ अर्थाच्या अगदी जवळचे आहे, बिनधास्त वापरा. या पद्धतीशी आपले जुने नातेही आहे. आपल्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही सहसा एकच घर सरके. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी हे स्कॉटिश खेळाडू जॉन कॉक्रेनशी खेळत. काळी मोहरी घेतली की ते मधली प्यादी दामटायची सोडून जी६ करून उंट बगलेत बसवत. ‘किंग्ज इंडियन’ वगैरे बचावांच्या नावांत ‘इंडियन’ आहे ते अशा खेळावरून. त्यामुळे बगलेचा खेळ मराठीत लिहिताना परका विषय हाताळतो आहोत असे वाटायचे कारण नाही.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. टिपण असे केले आहे: ‘पांढऱ्याने वजिराकडच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे सरकवून बगलेची अनवट सुरुवात केली.’ आता नावाचे काय करू? सोकोल्स्की, पोलिश, ओरांगउटान अशी तिन्ही नावे दिसतात.

* * *

वाक्य छान झाले आहे. नाव ‘सोकोल्स्की’ ठेवा. ‘पोलिश बचाव’ म्हणून डी४ला बी५ हे काळ्याचे उत्तर वेगळे आहे, तेव्हा ‘पोलिश’ने घोटाळा होईल. ओरांगउटानची गोष्ट मात्र कंसात जरूर द्या, मुलांना फार आवडते. १९२४ साली न्यू यॉर्कच्या स्पर्धेच्या वेळी नामांकित खेळाडू टार्टाकोव्हर ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात गेला होता, तिथल्या सुझान नावाच्या ओरांगउटान मादीवरून हे नाव पडले, असे सांगतात. त्या स्पर्धेत हंगेरीच्या मारोत्सीविरुद्ध त्याने बी४ खेळले. डाव मारोत्सीने जिंकला, हेही त्याच कंसात यायला हवे.